आमच्या की आपल्या

भेंडी रोज तोडावी लागते. मेथी एखादा दिवस कळ काढते, दुधी तर दोन-दोन दिवस वेलाखाली लोळत पडतो. भेंडीचं तसं नसतं. काल करंगळीएवढी दिसलेली उद्या बोटभर होते आणि परवा जून. मग तिला आयसेलिनच्या देशी दुकानात कुणी हात लावत नाही आणि घरातही कुणी चिरत नाही.

त्या ऑगस्टात दक्षिण न्यू जर्सीतलं ते वाळूचं रान तव्यासारखं तापलं होतं. पावसाचं नाव नव्हतं. बोअरचा पंप धाप टाकायचा, म्हणून ठिबकच्या नळ्या दिवसाआड सोडायच्या. उजाडायच्या आधीच सुवर्णा नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट अंगात घालायची, हातमोजे चढवायची आणि सरीत वाकायची. तरी भेंडीची लव कुठून तरी आत शिरायचीच. मनगटापासून कोपरापर्यंत लाल पुरळ उठायचं. खाजवलं की आग, न खाजवलं की जीव जातो.

धाकटी रेणू व्हॅनच्या सावलीत रिकाम्या क्रेटमध्ये गोधडी टाकून झोपलेली असायची. काम करता करता सुवर्णा मान वर करून बघायची. पोरीचा एक पाय क्रेटबाहेर लोंबत असे. तेवढा पाय दिसला की ती परत वाकायची.

शेजारच्या सरीत ओफेलिया. मेक्सिकोच्या वाहाकातल्या डोंगरातली. तीन पोरं आईपाशी ठेवून नवऱ्याबरोबर इकडे आलेली, आधी ब्लूबेरीच्या मळ्यात होती, मग इथे टिकली. सुवर्णा एक सरी संपवेपर्यंत तिच्या दीड व्हायच्या. चेष्टा करायची, गुणगुणायची, आणि मराठी शब्द उचलायची. मेथी, जुडी, चल, पुरे, अरे देवा.

हे शब्द तिला शिकवले गिरजाबाईंनी. गिरजाबाई म्हणजे सुवर्णाच्या नवऱ्याची, रवींद्रची आई, वर्धेकडची. उभी हयात खेड्यापाड्यांतून नर्सबाई म्हणून काढली, रिटायर झाल्यावर सहा महिन्यांच्या व्हिसावर लेकाकडे आल्या. नऊवारी नव्हे, साधी गोल साडी, पायांत सुनेचे जुने बूट, आणि डोक्यावर रवींद्रच्या जुन्या कंपनीची टोपी. ती कंपनी बुडून चार वर्षं झाली होती. टोपी तेवढी उरली होती.

आल्या आल्या पहिल्याच दिवशी म्हातारीनं ट्रॅक्टर बघितला आणि हसत सुटली. इकडे सावकाश चालणाऱ्या गाड्यांच्या मागे एक मोठा तांबडा त्रिकोण लावायचा कायदा आहे, मागच्यानं जपून यावं म्हणून.

“काहून रवी,” त्या म्हणाल्या, “इथं ट्रॅक्टरचंही ऑपरेशन करतेत का रे?”

रवींद्रला कळेना. सुवर्णाला कळलं, तिला हसू आवरेना. देशात कुटुंबनियोजनाची खूण तांबडा त्रिकोण. गिरजाबाईंनी तो त्रिकोण जन्मभर भिंतींवर रंगवून घेतला होता, पिशवीवर वागवला होता.

“आमचा उलटा होता,” त्या म्हणाल्या. “यांचा सुलटा आहे. म्हणूनच यांचा ट्रॅक्टर चालते बाप्पा.”

ओफेलियाला ते खुणांनी समजावून सांगेपर्यंत तिघीही सरीत बसून हसत होत्या.

एक दिवस जेवणाच्या वेळी ओफेलियानं हाक मारली, “आमी जेवू!” गिरजाबाईंनी तिला थांबवलं.

“आम्ही नाही, आपण. आपण म्हणजे मी, तू, ही, ते क्रेटातलं लेकरू, सगळ्या.” त्यांनी हवेत मोठं गोल काढलं. “आम्ही म्हणजे ही आणि मी. तू नाही.” आणि ओफेलियाच्या बाजूनं हात आडवा धरला.

ओफेलियानं कपाळाला हात लावला. तिच्या भाषेत एकाच शब्दात भागत होतं. पण शब्द तिला फार आवडला. तेव्हापासून रोज दुपारी ती बांधावरून ओरडायची, “आपन जेवू!” आणि आपल्या डब्यातली हिरवी मिरची काढली की सुवर्णाकडे तिरपं बघून म्हणायची, “आमी खाते. तू नाय.”

*

हायवेच्या फाट्यावर फायर हाऊस आहे. त्याच्या मागच्या खोलीत दर दुसऱ्या बुधवारी काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, कुटुंबनियोजनाचा दवाखाना भरायचा. दोन पडदे, एक वजनकाटा, खुर्च्यांची रांग, आणि जोन नावाची पांढऱ्या केसांची नर्स. ज्याची जशी कमाई तसे पैसे. मळ्यांतल्या बायका, ट्रेलरमधल्या पोरी, पेट्रोलपंपावर काम करणाऱ्या, अशाच सगळ्या यायच्या.

रवींद्रची नोकरी गेली त्या दिवशी विमाही गेला. शेतीत उतरलेल्या माणसाला इथे विमा कोण देतो? पहिल्या वर्षी सुवर्णा एडिसनच्या देशी डॉक्टरणीकडे गेली. पुढच्या वर्षी ते झेपेना. दोन मुली झालेल्या, अंगावर रान, आणि तिसरं तिला नकोच होतं. शिवाय आयसेलिनच्या ओक ट्री रोडवरच्या देशी बायकांची तोंडं तिला आत्ताच ऐकू येत होती: दोन मुलींवर परत? मुलासाठीच असणार! मग ती ओफेलियाला घेऊन फायर हाऊसला गेली. दर तीन महिन्यांनी दंडात एक इंजेक्शन. सोपं होतं.

सोपं नव्हतं ते दारातून आत जाणं. खोलीचं दार रस्त्यावर. समोर बियाण्याचं दुकान, पलीकडे पोस्ट. थोरल्या हर्षिताच्या शाळेतल्या बाई तिथूनच जायच्या. आपण मळ्याच्या मालकीणबाई. नवरा इंजिनिअर. आणि आपण या रांगेत?

म्हणून पहिल्याच दिवशी सुवर्णा दारात उभी राहून जरा मोठ्यानं म्हणाली होती, “माझ्याकडे काम करते ही, हिला घेऊन आलेय. भाषेसाठी.”

जोननं तिच्याकडे एकदा बघितलं. किती बायका बघितल्या असतील तिनं! तेव्हापासून पडद्याआडून ती एकच नाव पुकारायची, “ओफेलिया!” आणि दोघी उठायच्या. दोघी आत जायच्या. दोघींना सुई टोचली जायची. बाहेर येताना ओफेलिया दंड चोळायची आणि सुवर्णा पर्स सावरायची.

त्यावरून ओफेलियानं कधी शब्द काढला नाही. एकदाच गाडीत म्हणाली, “माझं नाव मोठं आहे. दोन बाया बसते.” आणि हसली.

त्या ऑगस्टातल्या बुधवारी सुईची पाळी नव्हती, जोननंच बोलावलं होतं, आणि तिचा चेहरा उतरलेला होता. गिरजाबाईही रेणूला घेऊन खुर्चीवर बसल्या होत्या. घरात उकडतं म्हणून आलेल्या.

“काउंटी आपला हिस्सा काढून घेतेय,” जोन म्हणाली. “म्हणतात, तुमच्या भागात जन्म कमी झालेत, शाळकरी पोरींचीही बाळंतपणं कमी झाली. मग पैसे वरच्या टोकाला देऊ, तिकडे आकडे वाढलेत. सप्टेंबरात, इथल्या कामगार दिनानंतर सभा आहे.”

सुवर्णानं सासूला मराठीत सांगितलं. गिरजाबाईंनी कपाळाला हात लावला.

“हे इथंही आहे का वं? आमच्या तालुक्यात असंच झालं. पायपीट करून जन्म खाली आणले, तर वरून म्हणे आता तुमचा निधी त्या दुसऱ्या जिल्ह्याले, तिथं पोरं जास्त. चांगलं काम केलं की पैसे बंद. मी साहेबाले म्हटलं, पाऊस थांबला म्हणून छत्री फेकून देता का? साहेब म्हणे, बाई, वरचे आदेश आहेत.”

जोनला त्यांचे शब्द कळले नाहीत, पण मान हलली. मग जोन सुवर्णाजवळ आली आणि आवाज खाली घेऊन म्हणाली, “सभेत मी बोलले तर म्हणतील, हिची नोकरी जातेय म्हणून बोलते. या पोरी बोलायला घाबरतात, त्यांची कारणं तुला माहीत आहेत. पण तू इथली. तुझी जमीन आहे, तू कर भरतेस. तू उभी राहून एवढंच म्हणालीस, मी इथे येते, तर त्यांना ऐकावं लागेल. एकच वाक्य.”

“मी?” सुवर्णा म्हणाली.

“तू येतेस ना?” जोन म्हणाली.

दवाखाना बंद झाला तर पुढचा दवाखाना काउंटीच्या मोठ्या गावात. गाडी असेल तर जाणं, नसेल तर नाही. ओफेलियाकडे गाडी नव्हती. त्या खोलीतल्या निम्म्याजणींकडे नव्हती.

“बोलेन,” सुवर्णा म्हणाली.

ओफेलियानं तिचा हात धरून दाबला. खरखरीत, भेंडीच्या लवेनं लाल झालेला हात.

*

मग ते वाक्य घरभर फिरू लागलं. भांडी घासताना, मेथीच्या जुड्या बांधताना सुवर्णा ते इंग्रजीत पुटपुटायची. मी या दवाखान्यात जाते. मी या दवाखान्याची पेशंट आहे.

ओट्याशी गृहपाठ करणाऱ्या हर्षितानं मान वर केली. “Mom, are you sick?”

“नाही गं राणी.”

“Then why are you a patient?”

सुवर्णानं तिच्या केसांतून ओला हात फिरवला. “काही लोक आजारी नसतानाही जातात. आजारी पडू नये म्हणून.” पोरीनं ओले केस झटकले आणि परत पेन्सिल चावू लागली.

फ्रिजसमोर वाक्य झकास जमायचं. रवींद्रसमोर जमेना.

तो पहाटेच व्हॅन भरून आयसेलिनला जायचा आणि दुपारी रिकामे क्रेट घेऊन परतायचा. त्या दिवशी हातपाय धुता धुता म्हणाला, “तू सभेत बोलणारेस म्हणे. आई सांगत होती.”

“हो.”

“बोल ना. चांगलं आहे.” टॉवेलनं तोंड पुसताना तो थांबला. “फक्त ते... स्वतःचं कशाला काढायचं, यार? लोकल पेपरवाले येतात. ओक ट्री रोडवर कळलं, की रवींद्रची बायको फुकटच्या दवाखान्यात जाते, तर उद्या दुकानदार भेंडीचा भाव पाडून मागतील. याला गरज आहे म्हणून.” तो हसला, पण नीट हसला नाही. “आपण लोकांना जॉब देतो, सुवर्णा. त्या अँगलनं बोल.”

“आणि मी जाते ते?”

“ते जोनला माहितीये, तुला माहितीये. बस की.”

तो वाईट माणूस नव्हता. नोकरी गेल्यावर एक दिवसही घरात तोंड पाडून बसला नव्हता, सरळ ट्रॅक्टर शिकला होता. पण दुकानात कुणी ‘काय शेतकरीसाहेब’ म्हटलं की त्याचे कान लाल होतात, हे तिला माहीत होतं. तिचेही होत.

*

काउंटीच्या हॉलमध्ये एसी इतका जोरात होता की घामेजलेल्या अंगावर काटा आला. ओफेलिया चर्चला जातानाचा पांढरा ब्लाउज घालून आली होती. भरतकाम केलेला, कडक इस्त्रीचा. केस ओले करून चापून बांधलेले. ती दुसऱ्या रांगेत कडेला बसली, गिरजाबाई तिच्याशेजारी. सभेला यायचं तिचं काही कारण नव्हतं, धोकाच होता. पण ‘तू बोलशील तेव्हा मी असेन’ असं तिनं आपणहून सांगितलं होतं. रवींद्र मागे भिंतीला टेकून उभा.

आधी कुणी रस्त्याच्या खड्ड्यांवर बोललं, कुणी भटक्या मांजरांवर. मग नाव पुकारलं. पुकारणाऱ्याची जीभ अडखळली. “मिसेस... सवाना?”

सुवर्णा माइकपाशी गेली. समोर टेबलामागे सभासद. मधल्याचा टाय सैल, हातात पेन. आजूबाजूला बघू नये असं तिनं ठरवलं होतं, तरी बघितलंच. बियाण्याच्या दुकानाची मालकीण पहिल्या रांगेत होती. पलीकडे हर्षिताच्या बाई. त्यांनी ओळखीचं हसून मान हलवली.

त्या हसण्यानंच घात झाला.

“हा दवाखाना फार गरजेचा आहे,” सुवर्णा म्हणाली. आवाज माइकमधून परका होऊन परत आला. “आमच्या भागातल्या बायकांना दुसरीकडे जाता येत नाही.”

“आपण तिथल्या पेशंट आहात का, मॅडम?” टायवाल्यानं विचारलं. त्याच्या विचारण्यात खोच नव्हती. साधा प्रश्न होता, उत्तर लिहून घ्यायला पेनही तयार होतं.

फ्रिजसमोर रोज म्हटलेलं ते एक वाक्य. ते ओठांशी आलं. 

“नाही,” ती म्हणाली. “म्हणजे, आमच्या कामगारांसाठी. आमच्याकडे ज्या बायका काम करतात. जशी ही.” आणि तिचा हात उचलला गेला. बोट नव्हतं, अख्खा तळवा होता, पण तो पांढऱ्या ब्लाउजाकडेच होता. “मी त्यांना फक्त घेऊन जाते.”

सगळा हॉल वळला. ओफेलियानं आधी सुवर्णाकडे बघितलं, काहीतरी समजायचं राहिलं असावं तसं. मग तिनं मान खाली घातली. ब्लाउजाच्या बाहीवरची फुलं ती दुसऱ्या हातानं झाकू लागली.

मागून कुणी तरी बोललं, “मग मालकांनीच न्यावं की त्यांना मोठ्या गावाला. आमच्या करातून कशाला? आणि कागदपत्रं आहेत का त्यांची?”

टायवाल्यानं हातोडी आपटली. त्यानं बोलणाऱ्याला दटावलं, सुवर्णाचे आभार मानले आणि पेनानं काही लिहिलं. जोन खिडकीपाशी होती. ती सुवर्णाकडे रागानं बघत नव्हती, बघतच नव्हती.

मतदान झटपट झालं. दवाखाना बंद.

सुवर्णा जागेवर आली तेव्हा ओफेलियाची खुर्ची रिकामी होती. गिरजाबाई एकट्याच बसल्या होत्या, मांडीवर पर्स घट्ट धरून.

गाडीत रवींद्र म्हणाला, “बोट कशाला दाखवलंस पण?”

“तूच म्हणालास ना, त्या अँगलनं बोल.”

“मी बोट दाखव म्हणालो?”

पुढे रस्त्यात एक ट्रॅक्टर हळूहळू चालला होता, मागे तो तांबडा त्रिकोण. रवींद्रनं हॉर्न दिला, मग ओव्हरटेक केलं. गिरजाबाई या खेपेला त्रिकोणाला हसल्या नाहीत.

*

दुसऱ्या दिवशी ओफेलिया आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

भेंडी काही थांबली नाही. सासू-सून दोघी सरीत. रवींद्र व्हॅन घेऊन गेला की तीही मदत नाही. गिरजाबाईंना वाकवत नव्हतं. त्या क्रेट पालथा घालून त्यावर बसायच्या, हाताशी येईल तेवढं तोडायच्या आणि क्रेट पुढे सरकवायच्या. शेंगेचा शेंडा अंगठ्यानं मोडून बघायच्या. कट्कन मोडला तर क्रेटमध्ये, वाकला तर बांधावर. बांधावरचा ढीग वाढत चालला.

“इंग्रजीत तू काय बोललीस ते मले समजलं नाही,” अचानक त्या म्हणाल्या. “पण तुझा हात समजला.”

सुवर्णा तोडत राहिली.

“एक सांग. तू काय म्हणालीस? आमच्या बायका की आपल्या बायका?”

“आई, इंग्रजीत तसं वेगळं नसतं. दोन्हीला एकच शब्द.”

“ते ओफेलियानं सांगितलं होतं मले, तिच्यातही एकच.” गिरजाबाईंनी एक शेंग मोडून बघितली, वाकली, बांधावर टाकली. “पण तू तर मराठी आहेस ना वं. तोंडात एक असंन. मनात कोणता होता?”

सुवर्णाच्या हातातली कातर थांबली. पुरळ आलेल्या हातावरून घाम ओघळला आणि झोंबला. उत्तर तिला ठाऊक होतं. ते सरीसारखं सरळ समोर पडलं होतं. तिला ते उचलता येईना.

“मी गावात जायची,” गिरजाबाई म्हणाल्या. सुनेकडे बघत नव्हत्या, भेंडीकडे बघत होत्या. “नर्सबाई म्हणून बायका जीव टाकायच्या. बाळंतपण अडलं की पहिली मले हाक. आणि चहा द्यायची वेळ आली की कप वेगळा. बाहेर कोणी विचारलं, कोण आली गं, की सांगायच्या, ती त्यांच्यातली नर्स. त्यांच्यातली. मी चहा पिऊन कप स्वतः विसळून ठेवायची.” पुढची शेंग मोडत म्हणाल्या, “पोरीनं काय छान ब्लाउज घातला होता.”

एवढंच. मग क्रेट पुढे सरकवला.

सुवर्णाला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. आलं नाही. नुसते कान तापले, मान तापली, सगळं अंग भेंडीच्या लवेनं भरल्यासारखं झालं.

संध्याकाळी ती ट्रेलरांच्या वस्तीत गेली. हातात पिशवी: कोवळी भेंडी, ओफेलियाला आवडणारं लिंबाचं लोणचं. कुत्रं भुंकलं. खिडकीचा पडदा हलला. दार ओफेलियाच्या मावसबहिणीनं उघडलं, साखळी न काढता.

“नाही आहे,” ती म्हणाली.

आत नळ वाहत होता आणि कुणी तरी गुणगुणता गुणगुणता थांबलं. तो सूर सुवर्णाच्या ओळखीचा होता.

“मला फक्त सॉरी म्हणायचंय.”

मावसबहिणीनं मागे वळून बघितलं, मग परत सुवर्णाकडे. “ती म्हणते, सगळ्यांनी तिचं तोंड बघितलं. आता काही दिवस ती बाहेर नाही जात.” आणि दार लावायच्या आधी, अगदी शांतपणे, “भेंडी नको.”

लोणच्याची पिशवी सुवर्णानं पायरीवर ठेवली. गाडीत बसल्यावर मागे बघितलं, तर कुत्रं पिशवी हुंगत होतं.

*

इंजेक्शनची मुदत भरत आली. एक आठवडा भेंडीपायी गेला, दुसरा पंप बिघडला त्यात. तिसऱ्या आठवड्यात गिरजाबाईच म्हणाल्या, “उद्या तोडा नाही. उद्या चल. गाडी तुले आहे म्हणून तुले जाता येते, एवढं ध्यानात ठेव.”

“भेंडी जून होईल, आई.”

“होऊ दे.”

मोठ्या गावातला दवाखाना चांगला पक्क्या इमारतीत होता. काचेची खिडकी, भिंतीला टीव्ही, खोली बायकांनी गच्च. गिरजाबाई रेणूला मांडीवर घेऊन बसल्या. सुवर्णानं खिडकीत नाव दिलं आणि बसता बसता खोलीवरून नजर फिरवली.

समोरच्या भिंतीशी ओफेलिया बसली होती. शेजारी मावसबहीण. चर्चच्या कुणा बाईच्या गाडीतून आल्या असाव्यात, ती बाई गाडीची किल्ली बोटात फिरवत होती. ओफेलियाच्या अंगात साधा राखाडी टीशर्ट होता. तिनंही सुवर्णाला बघितलं. मग टीव्हीकडे बघू लागली, जिथे काहीच बघण्यासारखं चाललं नव्हतं.

रेणूनं मात्र हात हलवला. “ओफी! ओफी!”

ओफेलियाच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. दोन बोटं उचलून तिनं पोरीला हलकेच दाखवली. पोरीलाच.

आतलं दार उघडलं. अनोळखी नर्स, तरुण, हातात कागद. “ओफेलिया!”

आणि सुवर्णा उठली.

विचार करून उठली नाही. गुडघेच उठले. इतकी वर्षं त्या नावाला ते उठत आले होते. उभी राहिल्यावर तिला कळलं की आपण उभे आहोत. खोलीतल्या चार-दोन बायका बघू लागल्या. समोर ओफेलिया उठली होती, मावसबहीण उठली होती. नर्सनं तिघींकडे आळीपाळीनं बघितलं. “कोण कोण?”

ओफेलिया चालत आली. सुवर्णाच्या समोरून जाताना थांबली. त्या डोळ्यांत राग असता तर सुवर्णाला तो सोसला असता. तिथे नुसता थकवा होता, दुपारच्या सरीतल्यासारखा. मग, एखादा धडा नीट पाठ आहे हे दाखवावं तसं, सावकाश, एकेक अक्षर जपून ती म्हणाली,

“आमी.”

आणि आपल्या नि मावसबहिणीच्या मधून एक छोटं गोल काढलं. सुवर्णाच्या बाजूनं हात आडवा धरला, अगदी गिरजाबाईंनी शिकवला होता तसा.

दोघी आत गेल्या. दार लागलं.

सुवर्णा उभीच राहिली. गिरजाबाईंनी ऐकलं होतं. त्यांनी रेणूचं डोकं उगाचच छातीशी धरलं आणि खाली बघितलं.

काचेच्या खिडकीतून हाक आली, “सवाना?” मग, “सू-वार-ना? तुम्ही कुणाबरोबर आलायत का, मॅडम? भाषेसाठी?”

सुवर्णा खिडकीपाशी गेली. मागे गच्च भरलेली खोली होती. किल्ली फिरवायची थांबलेली ती चर्चची बाई होती.

“नाही,” ती म्हणाली. “मी माझ्यासाठी आलेय. मीच पेशंट आहे. तीन वर्षं झाली, मी येते.”

चांगलं मोठ्यानं म्हणाली. फ्रिजसमोर म्हणायची त्याहून मोठ्यानं. सगळ्या खोलीला ऐकू गेलं.

आतलं दार तेवढं लागलेलंच होतं.